अठरा आरसे आणि एक तारा

शाळा आम्ही लवकर सोडली; दुर्बिणींविषयी जे थोडेबहुत कळले ते पाळी सुटल्यावर वाचून. परंतु मायक्रॉन म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मिलिमीटरचा हा हजारावा भाग. तेवढ्यासाठी जॉब रिजेक्ट होतो. एका कारखान्यात आमच्या सभासदांचा सबंध लॉट असाच नाकारला गेला आणि ठपका मशीनवरच्या माणसांवर आला. आम्ही गेज तपासण्याचा आग्रह धरला, तेव्हा कळले की जॉब बरोबर होते. गेजच झिजले होते.

हीच चूक एकदा आकाशात गेली. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात सोडली. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय सफाईने घासलेला, परंतु कडेला सुमारे २ मायक्रॉन अधिक सपाट होता. कारण, तो ज्या उपकरणाने मोजला त्यातीलच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या मापांनी दोष दाखवला होता. त्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही. अखेर १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन दोष भरून काढणारी उपकरणे बसवली.

पुढची जेम्स वेब दुर्बीण मात्र १५ लाख किलोमीटरवर राहावयाची होती. तेथे फिटर पाठवता येत नाही. शिवाय आरसा हवा ६.५ मीटरचा, आणि रॉकेटच्या टोपणाची रुंदी सुमारे ५ मीटर! म्हणून बेरिलियम धातूचे १८ षट्कोनी आरसे करून दोन्ही बाजूंचे तीन-तीन मागे दुमडले, आणि २५ डिसेंबर २०२१ रोजी दुर्बीण निघाली.

एक अडचण सुटली, दुसरी उभी राहिली. अठरा आरसे एकाच पृष्ठभागासारखे जुळले नाहीत, तर एका ताऱ्याचे अठरा तारे दिसतात. प्रारंभी तसेच दिसले. यासाठी प्रत्येक आरशामागे मोटरीने हलणारे सात दांडे, म्हणजे ॲक्चुएटर, आहेत. सहा आरशाला सरकवतात व कलवतात. सातवा त्याची वक्रता बदलतो. त्यांचे बारीकात बारीक पाऊल मायक्रॉनच्या सुमारे शंभराव्या भागाचे. एकेक आरसा हलवून कोणता ठिपका कोणाचा हे ओळखले, मग ठिपके एकावर एक आणले, शेवटी आरशांच्या उंचीतले फरक काढले. मार्च २०२२ पर्यंत एकच तारा दिसू लागला. आजही दर दोनेक दिवसांनी जुळणी तपासतात.

थंडीचा पेच वेगळाच. शून्याखाली सुमारे २२० अंशांवर धातूचा आकार बदलतो. म्हणून आरसे तेवढ्या थंडीत मोजून, मुद्दाम असे घासले की ते येथे किंचित चुकीचे आणि तेथे बरोबर ठरावेत.

हे काम आमच्या पट्ट्याला अगदी परके नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे, जुन्नरच्या बाजूला गिरवलीस पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. तिचा आरसा अखंड. परंतु जमिनीवरच्या प्रस्तावित ३० मीटर दुर्बिणीला ४९२ तुकडे लागतील. त्या प्रकल्पात ‘आयुका’ सहभागी असून तुकड्यांमागचे ॲक्चुएटर भारतात घडवण्याची योजना आहे. ते घडवणारे हात टर्नर-फिटरचेच असणार. त्या हातांना खरे गेज द्यावे, आणि ‘माप जुळत नाही’ असे कामगार म्हणाला तर आधी गेज तपासावे, एवढीच आमची मागणी आहे.