बोबडे बोल आणि त्यांतील व्याकरण

मनुष्यप्राण्यास लाभलेल्या देणग्यांत वाचा ही श्रेष्ठ होय, असें सर्वच म्हणतात. परंतु ती आपणांस कोणत्या वाटेनें मिळाली याचें स्मरण कोणासही नसतें. ज्या वयांत आपण बोलावयास शिकलों, तें वय स्मृतीच्या पलीकडचें. म्हणून ही वाट पाहावयाची असेल, तर घरांतील दीड-दोन वर्षांच्या मुलाकडेच पाहिलें पाहिजे. तें 'चाकू'ला 'काचू' म्हणतें, 'कपडे' हवे असतां 'पकडे' मागतें, शेजारच्या शेळीस 'भूभू' म्हणून हांक मारतें, आणि घरची मंडळी पोट धरधरून हंसतात. हंसण्यास आमची हरकत नाहीं. परंतु ह्या चुका वेड्यावांकड्या नसून त्यांस नियम आहेत, आणि ते नियम ओळखले असतां मुलाच्या बुद्धीचा व्यापार आपणांस दिसूं लागतो, एवढें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापितरांस सांगावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

हा विषय क्षुल्लक नव्हे. प्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनीं आपल्या मुलाच्या बाळपणीं टिपणें ठेवलीं होतीं व तीं १८७७ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. त्यांत ते सांगतात कीं, मूल बरोबर एक वर्षाचें झालें तेव्हां त्यानें खाण्यासाठीं 'मम्' असा शब्द स्वतःच काढला. आपल्या घरोघरीं ऐकूं येणारा 'मंमं' याहून किती निराळा आहे? बाळाशीं बोलतांना मोठीं माणसें जी लाडकी भाषा वापरतात, तिची सहा भाषांतील तुलना अमेरिकन भाषापंडित चार्ल्स फर्ग्युसन यांनीं १९६४ सालीं केली. अरबी, स्पॅनिश, इंग्रजी, कोमांची व गिल्याक यांच्या पंक्तीस सहावी भाषा होती ती आपली मराठी. त्याच वर्षीं आपल्याकडील भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनीं मराठी बालभाषेवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आजीबाईंच्या मांडीवरील 'भुर्र', 'गाई', 'बाऊ', 'हम्मा' हे शब्द अशा रीतीनें पंडितांच्या अभ्यासाचा विषय होऊन बसले.

आतां चुकांचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार उच्चारांचा. बोलणें म्हणजे ओठ, जीभ, टाळू, घसा व श्वास यांची एक अवघड कसरत आहे. प, ब, म हे ध्वनि नुसते ओठ मिटून उघडले कीं होतात, शिवाय ते आईच्या तोंडावर डोळ्यांना दिसतातही. म्हणून जगांतील पुष्कळ भाषांत आईबापांचीं नांवें ह्याच ध्वनींनीं बनलीं आहेत. क व ग यांसाठीं जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो आणि तो कोणाला दिसत नाहीं. म्हणून 'काका'चे 'ताता' होतात व 'गाडी'ची 'दादी' होते. र, ळ, श हे ध्वनि तर जिभेस फारच नेमकेपणानें वळवावयास लावतात. म्हणून 'घर' म्हणावयाचें तर 'घल' होतें, 'केळें' हवें असतां मूल 'केलें' म्हणतें, आणि 'पुस्तक'चें जोडाक्षर पेलत नाहीं म्हणून 'पुत्तक' म्हणून भागवून घेतें.

येथें एक शंका येईल: मुलाला ऐकूंच चुकीचें येत असेल काय? तसें नाहीं. 'ताता' म्हणणाऱ्या मुलाला आपण मुद्दाम 'ताता आले' असें म्हणून पाहावें; तें मान हलवून रागावतें व पुन्हां मोठ्यानें 'ताता!' असेंच म्हणतें. त्याच्या मनांत 'काका'च असतो. जीभ मात्र मनाची आज्ञा पुरती पाळीत नाहीं. बाळाचा कान तर आपल्या कानाहूनही तिखट असतो. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, केवळ इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदींतील त आणि ट यांतील भेद कळतो. परंतु तो भेद ज्या भाषेंत लागत नाहीं तीच सतत कानीं पडल्यामुळें, वर्ष भरण्याच्या सुमारास ही शक्ति बहुतेक मावळते. आपल्या मुलांस हा भेद रोज ऐकूं येतो म्हणून तो टिकतो. तात्पर्य, मूल बोलूं लागण्यापूर्वीं पुष्कळ महिने शिकत असतें. जें बोलतां येत नाहीं त्याला समजतही नाहीं, असें मानून त्याच्यादेखत वाटेल तें बोलणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा प्रकार अक्षरांच्या अदलाबदलीचा. 'चाकू'चा 'काचू' होतो तेव्हां सामान सगळें आलेलें असतें, मांडणी मात्र चुकलेली असते. ही चूक केवळ मुलांचीच आहे असें समजून कोणी नाक मुरडूं नये. बाराव्या शतकांत गुजरातेंत होऊन गेलेले जैन पंडित हेमचंद्र यांनीं आपल्या प्राकृत व्याकरणांत अशी अदलाबदल झालेले शब्द नोंदवून ठेवले आहेत. 'वाराणसी'तील र आणि ण यांनीं जागा बदलल्या व 'वाणारसी' झालें. 'बनारस' हें नांव त्याच वळणाचें. 'अचलपुर'चें 'अलचपुर' झालें. वऱ्हाडांतील अचलपूर पुष्कळ काळ एलिचपूर म्हणून ओळखलें जात असे, त्या नांवांतही ल आधीं व च मागून आहे. आणि तिसरें उदाहरण तर खुद्द आपलें आहे. 'महाराष्ट्र' या शब्दांतील ह आणि र यांची अदलाबदल होऊन 'मरहट्ठ' झालें, आणि त्यापासूनच 'मराठा' व 'मराठी' हे शब्द निघाले. ज्या भाषेच्या नांवांतच 'काचू'सारखी उलटापालट आहे, त्या भाषेच्या अभिमान्यांनीं 'काचू' म्हणणाऱ्या बाळावर रागावण्याचें कारण काय?

तिसरा प्रकार अर्थाचा. मुलाजवळ शब्दांची पुंजी थोडी आणि जग मोठें. म्हणून एकाच नाण्यावर त्याला अनेक जिन्नस विकत घ्यावे लागतात. कुत्र्यासाठीं शिकलेला 'भूभू' शेळीला, गाईला, गाढवालाही लागतो. दाढीवाला दिसला कीं तो 'आजोबा'. आणि भिंतीवरील वाटोळा दिवा 'चांदोबा' होतो. ह्यांत मूल गोंधळलेलें नसून वर्गीकरण करीत असतें. चार पायांचें व अंगावर केंस असलेलें तें एका वर्गांत, वाटोळें व चकाकणारें तें दुसऱ्या वर्गांत, असा त्याचा हिशेब असतो. नवा शब्द मिळाला कीं जुन्याचा पसारा आपोआप आवरतो. 'काल' आणि 'उद्यां' यांचा घोटाळा मात्र अधिक दिवस चालतो, कारण कुत्रें बोटानें दाखवितां येतें, उद्यांचा दिवस कोणाला दाखवितां येत नाहीं.

चौथा प्रकार व्याकरणाचा. आणि हा आमच्या मतें सर्वांत मनोरंजक होय. तीन वर्षांचें मूल 'मी काम करलं', 'झुरळ मरलं' असें म्हणतें. घरांत तर कोणीच असें म्हणत नाहीं, मग हें त्यानें आणलें कोठून? त्यानें 'बस'पासून 'बसलं', 'पड'पासून 'पडलं', 'उठ'पासून 'उठलं' अशीं शेंकडों रूपें ऐकलीं व त्यांवरून आपल्याशींच एक नियम बांधला. त्या नियमानें 'कर'पासून 'करलं'च होतें. 'केलं' व 'मेलं' हे भाषेचे अपवाद आहेत. चूक असलीच तर ती भाषेच्या आडवळणाची आहे. विशेष असें कीं, आरंभीं मूल पुष्कळदां 'केलं' असें बरोबर म्हणत असतें, तें केवळ ऐकून. पुढें नियम सांपडला कीं तें 'करलं' म्हणूं लागतें. आईबापांस वाटतें कीं मूल मागें गेलें; वस्तुतः तें एक पाऊल पुढें गेलेलें असतें. अपवाद लक्षांत राहूं लागले कीं 'केलं' पुन्हां परत येतें.

मुलें नियम बांधतात ही गोष्ट जीन बर्को या विदुषीनें १९५८ सालीं मोठ्या युक्तीनें दाखविली. तिनें एक पांखरासारखा काल्पनिक प्राणी काढून त्याचें नांव 'वग' ठेविलें, व तसे दोन दाखवून त्यांस काय म्हणाल असें लहान मुलांस विचारलें. शब्द कोणीच पूर्वीं ऐकलेला नव्हता; तरीही बहुतेक मुलांनीं त्याचें अनेकवचन इंग्रजीच्या नियमाप्रमाणें बिनचूक केलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या धाकट्या भावंडास 'हा एक टोपका, तर हे दोन काय?' असें विचारून पाहावें. तें 'टोपके' म्हणालें तर 'घोडा, घोडे' हा नियम त्यास कोणीं शिकविला, याचा विचार करावा.

आपल्या मराठींत आणखी एक गंमत आहे. येथें बोलणारा पुरुष कीं स्त्री हें क्रियापदावरून कळतें. लहान मुलगा दिवसभर आईच्या सहवासांत राहून तिचें 'मी येते, मी जाते' ऐकतो व आपणही 'मी जाते' म्हणूं लागतो. थोरल्या भावामागें फिरणारी मुलगी 'मी जातो' म्हणते. तसेंच 'मी' आणि 'तूं' यांचें. 'तुला पाणी पाहिजे का?' असें सर्वजण त्यालाच विचारतात, म्हणून तहान लागली कीं तें 'तुला पाणी पाहिजे' असें म्हणतें. 'बाळ'चा अर्थ कोणीही बोलला तरी बदलत नाहीं. 'मी'चा अर्थ मात्र बोलणाऱ्याबरोबर बदलतो. हें कोडें एवढ्याशा जिवानें दोन-तीन वर्षांत सोडवावें, याचेंच नवल करावें.

पांचवा प्रकार दोन भाषांच्या मिश्रणाचा, आणि त्याविषयीं पालकांस आम्ही आग्रहानें कांहीं सांगूं इच्छितों. आपल्या नाशिक जिल्ह्यांत सटाणा-मालेगांवकडे अहिराणी आहे, पेठ-सुरगाण्याकडे आदिवासींच्या बोली आहेत, शहरांत गुजराती, मारवाडी, उर्दू बोलणारीं कुटुंबें आहेत. आजी अहिराणी, आई मराठी, आणि शाळा इंग्रजी, असें असतां मूल एकाद्या वेळीं 'मला बठ्ठं दे' म्हणतें. आई बिचारी घाबरते. कोणीतरी सल्ला देतो कीं घरची बोली बंद करा, नाहीं तर मूल मागें पडेल. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणारें मूल एका भाषेंत न सांपडलेला शब्द दुसरींतून उसना घेतें, आणि कोणाशीं कोणती भाषा बोलावयाची हें तें फार लवकर ओळखूं लागतें. ती सरमिसळ काळाबरोबर ओसरते. परंतु एकदां बंद केलेली आजीची बोली मात्र परत येत नाहीं. मग नातवंड जवळ असूनही आजीला त्याच्याशीं मनांतलें बोलतां येत नाहीं, आणि ही हानि कोणत्याही परीक्षेच्या गुणांनीं भरून निघण्यासारखी नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस व पुढें कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं काम केलें, तेव्हां मुलें शाळेकडे येण्याची वाट न पाहतां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. भाषेच्या बाबतींतही हेंच धोरण योग्य होय: मूल जेथें उभें आहे तेथून त्यास पुढें न्यावें.

मग वडील माणसांनीं करावें काय? मुलानें 'काचू' म्हटलें तर 'हो, हा चाकू. चाकू धारदार असतो' असें सहज बोलावें. बरोबर शब्द त्याच्या कानीं पडला, बोलणेंही तुटलें नाहीं आणि त्याचा अपमानही झाला नाहीं. 'आधीं नीट म्हण, मग देतें' असें अडवूं नये. पाहुण्यांसमोर त्याच त्या चुका वदवून घेऊन मुलाचा तमाशा करूं नये. कांहीं मुलें त्यामुळें अजिबात गप्प होतात. वेखंड उगाळून चाटविण्याची चाल कोठें कोठें आहे. परंतु अक्षरें उलटीं होणें हा जिभेचा रोगच नव्हे, तेव्हां त्यास औषध कसलें? मोबाइलच्या पडद्यापुढें बसवून मूल बोलावयास शिकेल अशीही आशा धरूं नये. पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं अमेरिकेंतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्याजवळ बसून माणूस प्रत्यक्ष बोललें तीं बाळें चिनी ध्वनि ओळखूं लागलीं. ज्यांनीं तेंच चित्रफितींत पाहिलें त्यांस कांहींच साधलें नाहीं. भाषा ही माणसाकडून माणसाला मिळते.

तथापि सर्वच गोष्टी काळावर सोपवून चालत नाहीं. हांक मारली असतां मूल वळून पाहत नसेल, दीड वर्षाचें होऊनही एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचें होऊन दोन शब्द जोडीत नसेल, अगर येत असलेले शब्द विसरत चाललें असेल, तर प्रथम त्याचे कान तपासवावे. 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणून स्वस्थ बसूं नये. कारण ऐकूं न येणाऱ्या मुलाचीं पहिलीं वर्षें वायां गेलीं तर तीं भरून काढणें कठीण जातें. या कामासाठीं मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथवर जाणें न झालें तरी जवळच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी अवश्य करावी.

शेवटीं दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांस. शाळेंत व्याकरणाचा तास आला कीं तुम्ही कंटाळतां; परंतु ज्या व्याकरणाची तुम्हांस भीति वाटते तें तुम्हीं पाटी हातांत घेण्यापूर्वींच, कोणाच्याही छडीवांचून, अर्ध्याहून अधिक आत्मसात् केलेलें होतें. घरांत लहान भावंड असेल तर एक वही करा. त्याचा शब्द, त्याचा अर्थ व तारीख इतकें रोज लिहीत चला. चार महिन्यांनीं ती वही वाचाल तेव्हां दिसेल कीं, ज्यांस तुम्ही चुका म्हणत होतां त्या एकामागून एक रचलेल्या पायऱ्या होत्या. आणि ते भावंड मोठें झाल्यावर त्याला द्यावयास याहून मोलाची भेट आम्हांस तरी सुचत नाहीं.