मोटारसायकलस्वाराची दृश्यमानता व प्रशिक्षण : महागाव परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :

महागाव तालुक्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातून महागावला किंवा पुढे पुसद, उमरखेडला जाताना एसटीची वेळ आणि तासिकेची वेळ जुळतेच असे नाही. तालुक्यातून तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ३६१) जातो. या मार्गावरील मालमोटारी, गुंज येथील साखर कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर आणि कापसाच्या बैलगाड्या यांच्यामधूनच आपला विद्यार्थी वाट काढतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होत्या. हेल्मेटविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे; मात्र हेल्मेट उपयोगी पडते ते धडक झाल्यानंतर. धडकेपूर्वीच्या दोन गोष्टींचा, दिसण्याचा आणि शिकण्याचा, विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दृश्यमानता :

समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आपण त्याची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून ताडतो. मोटारसायकलची प्रतिमा अरुंद असल्याने ती प्रत्यक्षाहून दूर व संथ भासते. शेतरस्त्यावरून महामार्गावर येणारा ट्रॅक्टरचालक तिच्याकडे पाहतो आणि तरीही वळतो. त्याला केवळ निष्काळजी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातील एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. चमकदार वा प्रकाशपरावर्तक वस्त्र घालणाऱ्या स्वारांमध्ये अपघाती इजेचा धोका ३७ टक्क्यांनी, दिवसा दिवा लावणाऱ्यांमध्ये २७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी आढळला. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो. तरीही समोरचा दुचाकीस्वार बोटांची उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ असे सुचवतो! तो दिवा कशासाठी, हे समाजाला कोणी समजावूनच दिलेले नाही.

चमकदार आणि परावर्तक या दोहोंत गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक वाटते. चमकदार भगवा वा पोपटी रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उजळतो. दिवसा व संधिप्रकाशात तो प्रभावी, रात्री मात्र निरुपयोगी. परावर्तक पट्टी याच्या उलट : वाहनाचा झोत पडला तरच ती उजळते. तुरीच्या हिरव्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर पोपटीपेक्षा भगवा रंग उठून दिसेल. काळे हेल्मेट, काळे जॅकेट आणि पाठीवर काळी बॅग हा आपल्या वाहनतळावरील प्रचलित गणवेश मात्र कोणत्याच प्रकाशात उपयोगाचा नाही.

प्रशिक्षण :

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी तपासणी केली. १९८१ च्या त्या अहवालानुसार ९२ टक्के अपघातग्रस्त स्वार स्वतःच किंवा कुटुंबीय, मित्रांकडून शिकलेले होते. बहुतेक स्वार संकटसमयी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवत, तर पुढचा पुरेसा वापरत नसत. टाळाटाळीसाठी मिळणारा अवधी दोन सेकंदांहून कमी असे. ताशी ६० किलोमीटर वेगात एवढ्या वेळात सुमारे ३३ मीटर अंतर संपते.

आपल्याकडेही मोटारसायकल थोरल्या भावाकडून किंवा मित्राकडून शिकली जाते आणि ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस’ हा उपदेश वारशाने मिळतो. वास्तविक ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर सरकतो. थांबवण्याची अधिक शक्ती तेथेच असते. तो अचानक न आवळता क्रमाने दाबावा लागतो आणि हे सरावाविना येत नाही. परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढला की तोल सिद्ध होतो. पण आकस्मिक थांबण्याचे कौशल्य त्यातून कळत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाचा प्रश्न निराळा आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अकरावीच्या विद्यार्थ्याची शंभर घनसेंटीमीटरची गाडी आवारात उभी करू देणे योग्य की अयोग्य, हा निर्णय महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांसमोर घ्यावा.

परवानाधारकांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेतून मैदानावर चुन्याच्या रेषा आखून सराव घेता येईल. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, हेल्मेट घालून, ताशी २० व नंतर ४० किलोमीटर वेगातून थांबावे आणि अंतर विद्यार्थ्यांनीच टेपने मोजावे. वेग दुप्पट होताच ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट भरेल. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना तो तास मैदानावरच घेता येईल.