रंजनप्रधान कादंबरी आणि साहित्याची पदवी

साहित्याच्या विद्यार्थ्याने रंजनप्रधान कादंबऱ्या वाचाव्यात काय, आणि वाचल्यास त्याच्या पदवीचे मोल उणावते काय, हा प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. बहुधा अभिरुचीचा दाखला देऊन तो निकालात काढला जातो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार अभ्यासाच्या दृष्टीने आणि वऱ्हाडातील एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

अमरावतीशी निकटचा संबंध असलेले उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. दारिद्र्याशी झुंजणारे शिंपी कुटुंब, त्याचा भार वाहणारी कौतिक आणि वऱ्हाडी बोलीतील संवाद यांमुळे तिला मराठी कादंबरीत मानाचे स्थान लाभले. पुढे लेखनावर चरितार्थ चालविताना याच लेखकाने पुष्कळ रंजनप्रधान कादंबऱ्या लिहिल्या. ‘धग’ अभ्यासक्रमात आली. इतर पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली आणि बव्हंशी विस्मरणात गेली.

असे का व्हावे? ‘प्रतिभा ओसरली’ हे उत्तर सोपे आहे. परंतु ती पुस्तके न वाचता दिलेले उत्तर हा केवळ तर्क होय. बोलीचे काय झाले, स्त्रीचित्रण कसे पालटले, शेवट कोणाच्या समाधानासाठी बेतला गेला, हे दोन्ही प्रकारची पुस्तके शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. वर्गणी घेऊन पुस्तके देणारी वाचनालये हे अशा कादंबऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. वर्गणीदाराला दर खेपेस नवे पुस्तक हवे असे, म्हणून प्रकाशकाला झपाट्याने लिहिणारा लेखक हवा असे. बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांमागेही वाचकांची अशीच अखंड मागणी होती. मागणीचा हा वेग कथेच्या घडणीत कोठे उमटतो, हा संशोधनाचाच विषय आहे.

विद्यार्थ्याजवळ वेळ थोडा असतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सर्व काही वाचावे असे येथे सुचवावयाचे नाही. निश्चित प्रश्न मनाशी धरून निवडक पुस्तके वाचावीत, इतकेच. प्रश्नावाचून केलेले वाचन विरंगुळा ठरेल. त्यात गैर काही नाही, परंतु त्याला अभ्यास म्हणता येणार नाही.

आता पदवीविषयी. परतवाड्यास १९१६ साली जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची शाळा लहानपणीच सुटली. तरीही ‘स्मरणगाथे’स १९७६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ ज्यांचे नाव मिरविते, ते गाडगेबाबाही शाळेत शिकलेले नव्हते. तेव्हा लेखक किंवा लोकशिक्षक घडविणे हे पदवीचे कार्य नव्हे. आपला निर्णय सकारण मांडू शकणारा वाचक घडविणे, हे तिचे कार्य होय. ‘धग’ श्रेष्ठ का, हे मार्गदर्शिकेच्या शब्दांत सांगणारा पदवीधर आणि तुलनेअंती स्वतःच्या शब्दांत सांगणारा पदवीधर, या दोघांची प्रमाणपत्रे सारखी असली तरी त्यांचे मोल सारखे नाही.

येथे विलंबाला वाव थोडा आहे. स्वस्त कागदावर छापलेली ही पुस्तके जीर्ण होत आहेत आणि जीर्ण पुस्तके वाचनालयांच्या कपाटांतून प्रथम बाद होतात. अमरावती व अकोला येथील विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या जुन्या वाचनालयांत जाऊन अशा कादंबऱ्यांची नावे, प्रकाशक व प्रकाशनवर्षे यांची नोंद केली, तरी पुढील अभ्यासकाचा मार्ग पुष्कळ सुकर होईल.