घरात पिस्तूल ठेवावे काय?

गेल्या शाबान महिन्यात आमच्या खालाच्या मुलीचा केपटाऊनहून फोन आला. खुशाली झाली, मुलांची चौकशी झाली. मग ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "भाई, मुलांच्या अब्बांनी पिस्तुलाचा परवाना काढायचं ठरवलंय. मागच्या गल्लीत घरफोडी झाली. ते म्हणतात, पोलीस येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. मला मात्र झोप लागत नाही. तुम्ही सांगा, घरात पिस्तूल ठेवावं का?"

आम्ही शिक्षक माणसे. पिस्तूल जवळून पाहिले ते निवडणुकीच्या ड्युटीवर, बंदोबस्ताच्या फौजदारांच्या कमरेला. तिला म्हटले, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांत जे वाचले, आलिमांना आणि वकील मित्रांना जे विचारले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्या कोकणातील कितीतरी घरांचे एक दार आजही आफ्रिकेत उघडते, त्यामुळे हा प्रश्न एका बहिणीचा राहत नाही.

भीती खोटी नाही

रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून आपली माणसे शंभर वर्षांपूर्वी बोटीने केपटाऊनला गेली. डिस्ट्रिक्ट सिक्स भागात राहिली, दुकाने थाटली. १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी राखीव केला आणि तिथली वस्ती उठवली. भारतीयांना रायलंड्ससारख्या भागात जावे लागले. तिथेही त्यांनी मशिदी, मदरसे, शाळा उभ्या केल्या. म्हणजे ही डरपोक माणसे नव्हेत.

पण आकडे पाहा. दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या सुमारे ६ कोटी. २०२२-२३ या वर्षात तिथे २७ हजारांहून अधिक खून झाले. २०२२ मध्ये आपल्या १४० कोटींच्या देशात खुनांचे साधारण २८ हजार ५०० गुन्हे नोंदले गेले. खिडक्यांना गज, कुंपणावर विजेची तार आणि फाटकावर खासगी सुरक्षा कंपनीची पाटी अशी घरे तिथे सर्रास दिसतात. अशा ठिकाणी एखादा बाप म्हणत असेल की मला हत्यार हवे, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायदा काय म्हणतो

दक्षिण आफ्रिकेचा शस्त्र नियंत्रण कायदा २००० सालचा. स्वसंरक्षणासाठी एकच शस्त्र मिळते. त्यासाठी साधारणपणे वय २१ पूर्ण हवे, प्रशिक्षण घेऊन पात्रतेचा दाखला मिळवावा लागतो, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आपले संरक्षण होत नाही हे पोलिसांना पटवावे लागते. शस्त्र अंगावर किंवा थेट ताब्यात नसेल तेव्हा ते ठराविक प्रकारच्या तिजोरीत कुलूपबंद हवे. हरवले किंवा चोरीला गेले तर २४ तासांत पोलिसांना कळवावे लागते.

खरी अडचण त्या तिजोरीपाशी सुरू होते. रात्री दोन वाजता दार फुटले तर झोपेतून उठायचे, चावी शोधायची, तिजोरी उघडायची, पिस्तूल काढायचे. तेवढा वेळ चोर देतो का? म्हणून माणूस हळूहळू ते उशीखाली किंवा कपाटाच्या खणात ठेवू लागतो. उशीखालचे पिस्तूल चोरासाठी तयार असते, तसेच सहा वर्षांच्या मुलाच्या हातासाठीही तयार असते. तिजोरीतले पिस्तूल मुलापासून सुरक्षित, पण वेळेला कामाचे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत.

आतल्या माणसांचे काय

चोर आला तर वर्षातून, दहा वर्षांतून एखाद्या रात्री येईल. पिस्तूल मात्र वर्षाच्या ३६५ रात्री घरातल्या माणसांबरोबर राहते. घरात राग असतो, भांडण असते, वयात आलेला आणि मन उदास झालेला मुलगा असतो. त्या वेळी तावडीत काय सापडते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या १ कोटी ७५ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला कोणी पिस्तूल बाळगतो, पण स्वतःकडे ते नाही, अशा माणसांना त्या पिस्तुलामुळे संरक्षण मिळते का, हे त्यात तपासले होते. उत्तर उलटे निघाले. बिनपिस्तुलाच्या घरांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सुमारे सातपट होते, आणि त्या बळींमध्ये बहुतेक स्त्रिया होत्या. अमेरिका वेगळी, आफ्रिका वेगळी, हे खरे. पण आमच्या बहिणीची झोप का उडाली, हे त्या आकड्यांवरून समजते.

खुद्द दक्षिण आफ्रिकेतले उदाहरण जगाला ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने शौचालयाच्या बंद दारावर चार गोळ्या झाडल्या. आत चोर शिरला असे वाटले, असा त्याचा दावा होता. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. ती मरण पावली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याला खुनाचा दोषी ठरवले. न्यायालयाचे म्हणणे असे की दाराआड कोणीही असो, चार गोळ्या झाडल्या तर आतला माणूस मरू शकतो हे त्याला कळत होते. २०१७ मध्ये त्याची शिक्षा वाढून १३ वर्षे ५ महिने झाली.

त्याआधी, २००४ मध्ये, तिथल्याच एका माजी रग्बीपटूला पहाटे आपली गाडी कोणी चोरून नेत आहे असे वाटले. त्याने गोळी झाडली. गाडीत त्याचीच १९ वर्षांची मुलगी होती. त्या बापाचे नाव आम्ही घेत नाही.

हे वाचताना आमच्या मनात आपली घरे आली. आपल्याकडे रात्री कोण उठत नाही? अम्मी तहज्जुदसाठी उठते, अब्बा वुजूसाठी उठतात. रमजानमध्ये तर सहरीला सारे घर अंधारात चालत असते. मुसलमानाच्या घरात पहाटे वाजणारी पावले बहुधा आपल्याच माणसाची असतात.

दीनची शिकवण

जान-मालाच्या रक्षणाचा हक्क शरीअतने दिला आहे. आपल्या मालाचे रक्षण करताना जो मारला जाईल तो शहीद, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. पण नसई शरीफमधील एका हदीसमध्ये या रक्षणाचा क्रमही आला आहे. माल हिसकावू पाहणाऱ्याला आधी अल्लाहची आठवण करून द्या, मग आसपासच्या मुसलमानांची मदत घ्या, मग सत्तेकडे दाद मागा, आणि तीही दूर असेल तर लढा. लढण्याची पायरी आहे, पण शेवटची. शेजारी त्याच्या आधी येतो.

हत्याराचा अदबही शिकवला आहे. मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सख्ख्या भावावरही हत्यार रोखू नये, कारण शैतान हात कधी हलवील ते सांगता येत नाही. आणि आपण ईदीच्या पैशांतून मुलांना खेळण्यातली पिस्तुले घेऊन देतो! ती पोरे दिवसभर एकमेकांच्या छातीवर नेम धरतात, तेव्हा आपण कौतुकाने पाहतो.

इथल्या वाचकांसाठीही दोन शब्द. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि लग्नात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे. विनापरवाना गावठी कट्टा घरात सापडला तर तुरुंग ठरलेला. भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा देत नाही.

आठ दिवसांनी

आम्ही बहिणीला फोन केला. म्हटले, "ठेवू नका असा हुकूम आम्ही देणार नाही. रात्री घर तुम्हाला सांभाळायचं आहे. पण दुल्हेभाईंना म्हणावं, हदीसमधला क्रम आधी पुरा करा. शेजारी झाले का? मोहल्ला झाला का? पोलीस चौकी झाली का? हे सगळं करूनही पिस्तूल लागलंच, तर ते तिजोरीतच राहील, उशीखाली येणार नाही, हे मुलांसमोर कबूल करा. ते जमणार नसेल तर अर्ज करू नका."

दुल्हेभाई बाजूलाच असावेत. ते म्हणाले, "भाईजान, तुम्हाला तिथे बसून सोपं आहे." खरेच आहे. आम्ही काही बोललो नाही.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा निरोप आला. मागच्या दाराला नवे गज बसवले. गल्लीतल्या अकरा घरांनी पाळीने गस्त सुरू केली. बोळात रात्रभर दिवा जळतो. आणि घरात एक नियम झाला, रात्री जो उठेल त्याने मोठ्याने सलाम करायचा. सहरीला पाच जणांचे पाच सलाम होतात, धाकटा तर मुद्दाम ओरडतो.

अर्जाचा कागद कपाटात आहे. त्यांनी तो फाडला नाही, आणि भरलाही नाही. अल्लाह त्यांची, आणि भीतीच्या सावलीत झोपणाऱ्या प्रत्येक घराची हिफाजत करो.