तोफेची दारू, बंदुकीची दारू व रंजक

जुन्या दप्तरांत दारूगोळ्याच्या याद्या सांपडतात, त्यांत सोरा, गंधक, शिसें, गोळे, तोडे यांच्या जोडीला ‘दारू’ एवढाच शब्द व त्यापुढें वजन अशी नोंद असली म्हणजे तीवरून किल्ल्याचें बळ अजमावण्याचा मोह होतो. इतके मण दारू, एका बारास इतकी, म्हणून इतके बार, असें त्रैराशिक मांडलें जातें. परंतु दारूच्या जाती किती आणि कोणती जात कोणत्या कामीं चालते, हें ठाऊक असल्यावांचून हें त्रैराशिक सुटत नाहीं. कमींत कमी किती जातींवर सर्व शस्त्रांचें काम भागे, हा प्रश्न कोठीवाल्यापुढें नेहमींच असे. त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

काळी दारू सोरा, कोळसा व गंधक या तिहींची होते. इंग्रजी लष्करी दारूचें प्रमाण अठराव्या शतकाच्या अखेरीस शंभर भागांत ७५ सोरा, १५ कोळसा व १० गंधक असें स्थिर झालें. तोफेची दारू व बंदुकीची दारू या दोहोंस हेंच प्रमाण असे. तेव्हां भेद मिश्रणांत नसून दाण्यांत आहे. दाणा वरून आंत जळत जातो. बारीक दाण्यांचा एकंदर पृष्ठभाग अधिक, म्हणून तितक्याच वजनाची दारू लवकर जळते. जाड दाणा सावकाश जळतो. निव्वळ भुकटी मात्र कोणत्याच मोठ्या बारास चांगली नव्हे. ती गच्च बसते, तिच्यांतून ज्योत खेळण्यास वाट राहत नाहीं व ओलही लवकर धरते. यासाठींच युरोपांत पंधराव्या शतकापासून दारूचे दाणे पाडण्याची कृति रूढ होत गेली.

आतां कोणता दाणा कोठें, तें पाहूं. तोफेचा गोळा जड असतो व तो हलण्यास वेळ लागतो. तेथें बारीक दारू घातली तर गोळा सरकण्यापूर्वींच दाब वाढतो आणि तोफ फुटण्याचें भय उत्पन्न होतें. बंदुकींत जाड दाणा घातला तर तो पुरता जळण्याच्या आंतच गोळी नळीबाहेर पडते. मारा मंद होतो व नळींत मळ अधिक सांचतो. रंजकाचें काम याहून निराळें आहे. तिनें गोळी फेकावयाची नसून तोड्याची किंवा चकमकीची ठिणगी तत्काळ पकडून आंतल्या बारास पोंचवावयाची असते. यास्तव ती सर्वांत बारीक असावी लागते.

याप्रमाणें कामें तीन झालीं, तरी जाती तीनच पाहिजेत असें नाहीं. जाड दाणा फोडून व चाळून बारीक करतां येतो. भुकटीचा दाणा करावयाचा तर ती पुनः ओलावून, दाबून, फोडून वाळवावी लागते व त्यास कारखाना लागतो. म्हणून बंदुकीच्या दारूंतूनच रंजक निघते. रंजकेंतून बंदुकीची दारू निघत नाहीं. ज्याच्याजवळ तोफेची व बंदुकीची अशा दोन जाती आहेत, त्याचें कोणतेंही काम अडत नाहीं. लहान शस्त्रांपुरता प्रश्न असेल तर बंदुकीची एकच जात पुरते.

ही केवळ कल्पना नव्हे. इंग्रजी पायदळानें चकमकीच्या बंदुकीसाठीं कागदी काडतूस घेतलें, तेव्हां निराळी रंजक वगळली. शिपाई काडतुसाचें तोंड दांतांनीं तोडी, त्यांतील थोडी दारू पेल्यांत घाली व उरलेली नळींत ओती. बेकर रायफल वापरणारे निवडक शिपाई तेवढे बारीक रंजकेचें शिंग जवळ बाळगीत. चकमकीच्या बंदुकीचा बार पेल्यांतील दारूसह ६ ड्रॅम, म्हणजे सुमारें १०॥ ग्रॅम धरीत. फोर्साइथनें इ.स. १८०७ त आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा हक्क घेतला आणि पुढें इ.स. १८४० च्या सुमारास टोपीची बंदूक इंग्रजी पायदळांत आली. तेव्हां रंजकेचें कामच उरलें नाहीं व बार ४॥ ड्रॅमवर आला. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून इ.स. १८५७ त गहजब झाला, त्या १८५३ च्या नमुन्याचा बार २॥ ड्रॅमच होता. याचा अर्थ असा कीं, एकाच वजनाच्या दारूंत पहिल्या बंदुकीचे शंभर बार होत, तर शेवटचीचे दोनशें चाळीस. शस्त्र कोणतें हें न पाहतां वजनास भागिलें तर चूक एवढी मोठी होते.

कोठीच्या दृष्टीनेंही जाती थोड्या असणें हिताचें होतें. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारूस सर्दी लागूं देऊं नये, ती ठराविक दिवसांनीं बाहेर काढून उन्हें द्यावीं व पुनः मुद्रा करून ठेवावी, असा कटाक्ष आहे. दारू जितकी बारीक तितकी तिला ओल लवकर बाधते. तेव्हां बारीक दारूचा मोठा सांठा न करतां लागेल तशी ती जाड दारूंतून काढणें, हाच शहाणपणाचा मार्ग होय. सुरुंगांची गोष्ट वेगळी. वसईच्या वेढ्यांत इ.स. १७३९ त तटबुरुज उडविण्यास सुरुंग लाविले होते. अशा मोहिमेच्या खर्चांतील दारू बारांच्या हिशेबांत धरणें सर्वथा अयोग्य होय.

वर सांगितलेला नियम काळ्या दारूपुरताच आहे. इ.स. १८८४ त फ्रान्समध्यें व्हिएलनें बिनधुराची दारू सिद्ध केली. इंग्रजांच्या ·३०३ रायफलींत इ.स. १८८८ त सुमारें ७० ग्रेन काळी दारू होती; तिच्या जागीं लवकरच सुमारें ३० ग्रेन कॉर्डाइट आलें. या नव्या दारूचा वेग दाण्याच्या आकारावर, त्यावरील लेपावर व घटकांवर कारखान्यांतच ठरतो. तो मागाहून कुटून वा चाळून बदलतां येत नाहीं. परदेशांत काडतुसें पुनः भरणारे लोक आजही जाती थोड्या ठेवूं पाहतात. पिस्तुलास व छऱ्याच्या बंदुकीस शीघ्र जळणारी, मध्यम रायफलीस मध्यम, व मोठ्या काडतुसास मंद, अशा दोनतीन जातींवर ते भागवितात. परंतु प्रत्येक बाराचें वजन छापील कोष्टकावरून घेतात, अंदाजानें घेत नाहींत.

संग्राहकांस यावरून एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या तोड्याच्या वा चकमकीच्या बंदुकींत बिनधुराची दारू कधींही घालूं नये. तिचा दाब त्या नळ्यांस सोसत नाहीं व हात, डोळे किंवा प्राण जाण्याचा प्रसंग येतो. जुन्या शिंगांत दारू उरलेली आढळल्यास ती वाळवून पेटते कीं काय हें पाहूं नये. काळी दारू शंभर वर्षांनींही जिवंत असूं शकते. तसेंच दारू व काडतुसें तयार करण्यास कायद्यानें परवाना लागतो, हेंही ध्यानांत असावें.

ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या आहेत त्यांस आमची विनंति आहे. मोडीवरून नक्कल करतांना ‘तोफेची’, ‘बंदुकीची’, ‘रंजक’ हीं विशेषणें किरकोळ समजून गाळूं नयेत. दारू मडक्यांत होती कीं काडतुसांत, हेंही लिहावें. मण व शेर स्थळपरत्वें भिन्न असल्यामुळें मूळ माप तसेंच ठेवावें. शेजारच्या ओळींतील गोळे, शिसें, तोडे व चकमकीचे दगड यांचे आंकडे सोडूं नयेत. दारू कोणत्या शस्त्रासाठीं होती हें बहुधा त्याच ओळींवरून कळतें. आणि शस्त्र निश्चित होईतोंपर्यंत वजनास भागून बारांची संख्या काढूं नये.