विहीर एकाची, हात दुसऱ्यांचे
तेलभूमी नायजेरिया : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण ओलोइबिरीला होतो. 1956 साली नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या त्या गावाजवळ शेल-बीपीला विकण्याजोगं तेल लागलं, 1958 मध्ये निर्यात सुरू झाली, 1971 मध्ये नायजेरिया ओपेकचा सभासद झाला, इथवर आलो होतो. त्या हकिकतीत दोनच नावं पुन्हा पुन्हा आली: सरकार आणि तेलकंपनी. प्रत्यक्ष रिगवर जाऊन पाहिलं, तर या दोघांची माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकीचे सगळे कोणाचे, हा आजचा विषय.

रिगवर तेलकंपनीचा एक प्रतिनिधी असतो. त्याला सगळे 'कंपनी मॅन' म्हणतात. रिग मात्र त्याच्या कंपनीची नसते, ती रोजाच्या भाड्याने आणलेली असते. टूलपुशर, ड्रिलर, डेरिकमॅन, रफनेक ही मंडळी रिगमालकाच्या पगारावर असतात. ड्रिलिंगचा मड बनवणारा इंजिनियर आणखी एका कंपनीचा. विहिरीत पोलादी केसिंग उतरवणारे वेगळे, केसिंगमागे सिमेंट भरणारे वेगळे, तारेला उपकरणं बांधून खडकाची मापं घेणारे वेगळे. हेलिकॉप्टर, सामानाच्या बोटी, पाणबुडे, एवढंच काय, जेवणखाण आणि कपड्यांची धुलाईसुद्धा कंत्राटावर. या सगळ्या पसाऱ्याला मिळून ऑइलफील्ड सर्व्हिसेस म्हणतात. उरण-पनवेलकडच्या, न्हावा बेसवरून मुंबई हायला जाऊन आलेल्या वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. तिथेही ओएनजीसीच्या नावाखाली कितीतरी कंत्राटदारांची माणसं राबत असतात.

या धंद्यातली जगभरची तीन मोठी नावं म्हणजे श्लंबर्जर (2022 पासून एसएलबी), हॅलिबर्टन आणि बेकर ह्यूज. तेलाचा साठा यांच्या मालकीचा नसतो. अवजारं, पेटंट आणि आजवर खणलेल्या हजारो विहिरींचा अनुभव यांच्याकडे असतो, आणि तेलाचा भाव वर जावो की खाली, काम झालं की बिल लागतं. देशाला रॉयल्टी मिळते, कर मिळतो, भागीदारीतला वाटा मिळतो. विहीर खणण्यावर जो पैसा खर्च होतो तो मात्र वर्षानुवर्षं ह्यूस्टन, ॲबर्डीन, पॅरिसकडे गेला. नायजेरियाच्या स्थानिक सहभाग मंडळाचाच हिशोब असा, की 2010 पूर्वी या उद्योगात खर्च होणाऱ्या दर शंभर डॉलरमधले पाचही देशात राहत नव्हते. पन्नास वर्षं तेल काढणाऱ्या देशाची ही स्थिती होती. मला ती तेलगळतीइतकीच गंभीर वाटते. फरक इतकाच, की या गळतीचे फोटो निघत नाहीत.

असं का झालं, ते एकाच वस्तूच्या मागे जाऊन पाहू. ती वस्तू म्हणजे मड, ड्रिल करताना विहिरीत फिरवला जाणारा दाट चिखल.

नायजर डेल्टाची जमीन भूवैज्ञानिक तीन थरांत सांगतात. वर बेनिन थर, बहुतेक वाळूचा. त्याखाली अगबाडा, वाळू आणि शेल (तेलकंपनी नव्हे, चिखल दबून झालेला खडक) यांचे एकाआड एक पापुद्रे. तेल आणि वायू सापडतो तो मुख्यतः इथे. सगळ्यात खाली अकाटा, समुद्रतळाशी साचलेला शेलचा जाड थर. हा गाळ इतक्या झपाट्याने एकमेकांवर साचत गेला, की आतल्या पाण्याला निसटायला वाव मिळाला नाही आणि ते प्रचंड दाबाखाली अडकून पडलं. खोल जाणारं ड्रिल अशा पट्ट्यात शिरलं, की खालचा वायू आणि पाणी विहिरीतून वर उसळू पाहतं. त्याला खाली दाबून धरतो तो मडचा स्तंभ, तोही पुरेसा जड असेल तरच. मड हलका पडला तर विहीर 'किक' मारते आणि वेळीच आवरली नाही तर ब्लोआउट. फार जड झाला तर खडकच फुटतो आणि मड भेगांमधून जिरून जातो. या दोन टोकांमधली वाट कधीकधी फार अरुंद असते.

म्हणून मड इंजिनियर दिवसातून अनेकदा मडची परीक्षा करतो. साधनं अगदी साधी. मार्श फनेल नावाचं एक नरसाळं, दीड लिटरचं. त्यात मड ओतायचा, खालचं भोक बोटाने दाबून धरायचं, मग बोट काढून घड्याळ लावायचं आणि ठरावीक माप भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. साध्या पाण्याला 26 सेकंद लागतात. डोशाच्या पिठासारखा दाट मड त्याहून बराच जास्त वेळ घेतो. दुसरं साधन मड बॅलन्स, एका बाजूला मडचा पेला आणि दुसऱ्या बाजूला सरकतं वजन असलेली तराजूची दांडी. आकडा वहीत जातो, वहीवरून ठरतं मडमध्ये आणखी किती बॅराइट टाकायचं.

बॅराइट हे बेरियमचं जड खनिज, पाण्याच्या चौपटीहून जास्त वजनाचं. ते दळून मडमध्ये मिसळलं की मडला वजन येतं. ते नायजेरियात आहे. बेन्यू नदीच्या खोऱ्यात, नासारावा, ताराबा, क्रॉस रिव्हर या राज्यांत लोक ते फावड्या-पहारींनी खणून काढतात. तरीही डेल्टातल्या पोर्ट हारकोर्ट शहराच्या गोदामांत वर्षानुवर्षं परदेशातून जहाजाने आलेल्या बॅराइटच्या गोण्या रचलेल्या असत. जगाच्या बॅराइट बाजारात चीन, मोरोक्को आणि आपला भारत हे मोठे विक्रेते. आंध्र प्रदेशातली मंगमपेटची खाण तर या खनिजासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

खनिज पायाखाली असताना ते समुद्रापलीकडून आणण्याचं कारण खाण आणि रिग यांच्यामध्ये जे लागतं त्यात आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकाप्रमाणे उत्तम प्रतीच्या बॅराइटची सापेक्ष घनता 4.2 असावी लागते. दळणही ठरलेल्या बारीकपणाचं हवं, आणि विरघळणारे क्षार मर्यादेत हवेत. हाताने खणलेल्या मालात गारगोटी, लोहखनिज, चुनखडी मिसळलेली असते. एका ट्रकमधला माल चांगला, पुढच्या ट्रकमधला हलका. त्यावर उपाय म्हणजे धुलाईचे कारखाने, गिरण्या, प्रयोगशाळा, आणि प्रत्येक गोणीची हमी घेणारा कोणीतरी. ते उभं करायला भांडवल लागतं. हातात कंत्राट नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि माल सिद्ध केलेला नसेल तर कंत्राट मिळत नाही. उच्च दाबाच्या विहिरीवर उभा असलेला कंपनी मॅन नवख्या गोणीवर पैज लावणार नाही. त्याच्या जागी मीही लावली नसती. ही कोंडी फोडायला बाहेरून कोणीतरी बळ लावावं लागतं.

ते बळ म्हणजे 2010 चा नायजेरियन कंटेंट कायदा. एप्रिल 2010 मध्ये गुडलक जोनाथन यांनी, तेव्हा ते हंगामी राष्ट्राध्यक्ष होते, त्यावर सही केली. जोनाथन स्वतः बायेल्साचे, म्हणजे ओलोइबिरी ज्या राज्यात आहे तिथले. या कायद्याने नेमलेल्या मंडळाचं मुख्यालयही राजधानी अबुजात न ठेवता बायेल्साच्या येनागोआत ठेवलं गेलं. आज तिथे त्याची सतरा मजली इमारत उभी आहे.

कायद्याची कलमं वाचताना ती करणाऱ्यांना दुखणं नेमकं ठाऊक होतं हे जाणवतं. उद्योगातल्या प्रत्येक कंत्राटाच्या रकमेतून एक टक्का कापून प्रशिक्षण आणि भांडवलासाठीच्या निधीत जातो. परदेशी माणूस नेमायचा तर त्याच्या हाताखाली नायजेरियन उमेदवार ठेवायचा आणि जास्तीत जास्त चार वर्षांत ती जागा त्याच्या हवाली करायची. कनिष्ठ आणि मधल्या दर्जाच्या जागा फक्त नायजेरियनांना. बहुराष्ट्रीय सर्व्हिस कंपनीने कामावर आणलेल्या उपकरणांपैकी निदान निम्मी तिच्या नायजेरियन उपकंपनीच्या मालकीची असली पाहिजेत. हे शेवटचं कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. माणूस विमानात बसून परत जातो, यंत्र देशात राहिलं तर त्याची दुरुस्ती शिकावी लागते, सुट्या भागांची दुकानं निघतात, त्याच्यावर हात बसतो.

परिणाम दिसले ते एगिना या खोल समुद्रातल्या तेलप्रकल्पावर. त्याआधीचा बोंगा प्रकल्प आठवा: शेलचं हे तरंगतं उत्पादन जहाज 2005 मध्ये नायजेरियाच्या समुद्रात तेल काढू लागलं, पण त्याचा सांगाडा कोरियात बनला होता आणि वरची यंत्रणा इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी जोडली गेली होती. टोटलच्या एगिनाचा सांगाडाही कोरियातच, सॅमसंगच्या गोदीत बनला. जहाज 330 मीटर लांब, पोटात 23 लाख बॅरल तेल मावेल एवढं. मात्र जानेवारी 2018 मध्ये ते तेलक्षेत्राकडे न जाता आधी लागोसच्या बंदरात शिरलं. लाडोल बेटावर त्यासाठी खास गोदी बांधली होती. नायजेरियात बनवलेली सहा मॉड्यूल तिथे उचलून जहाजावर बसवली गेली. ऑगस्टमध्ये जहाज निघालं आणि डिसेंबरअखेर दीड हजार मीटर खोल पाण्यातून तेल वर आलं. हजारो टनांची मॉड्यूल, त्यांचे पाइप मिलिमीटरच्या हिशोबात एकमेकांना भिडवणारे वेल्डर आणि फिटर लागोसचे होते. नायजेरियात असं काम त्याआधी झालं नव्हतं.

पण दुखणी उरलीच. पहिलं कामाच्या खंडाचं. एगिनाचा गुंतवणूक निर्णय 2013 चा. त्यानंतर खोल समुद्रातला मोठा नवा निर्णय थेट डिसेंबर 2024 मध्ये, शेलच्या बोंगा नॉर्थचा, आणि तोही जुन्याच बोंगा जहाजाला जोडायचा. म्हणजे नवं जहाज नाहीच. गोदी तयार, क्रेन तयार, काम नाही. वेल्डरचं कसब सर्टिफिकेटाच्या कागदावर टिकत नाही, ते कामात टिकतं. ज्या सरकारने गोदी बांधायला लावली त्यानेच पेट्रोलियम कायदा मंजूर करायला 2021 उजाडवलं आणि तोवर गुंतवणूकदार कुंपणावर बसून राहिले. यात दोष कायद्याच्या हेतूचा नाही, दिरंगाईचा आहे.

दुसरं दुखणं दलालीचं. स्थानिक कंपनीला प्राधान्य म्हटल्यावर नावापुरत्या स्थानिक कंपन्या निघाल्या. एक बॅग, एक लेटरहेड, ओळखीचा एखादा अधिकारी. कंत्राट यांच्या नावावर, काम जुन्याच परदेशी कंपनीचं, मधली टक्केवारी यांची. खर्च वाढला, कसब जिथल्या तिथे राहिलं. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांच्या आदेशात क्षमता नसलेल्या मध्यस्थांना कंत्राटं देऊ नयेत असं स्पष्ट लिहावं लागलं, यावरून रोग किती पसरला होता ते कळतं. याचा अर्थ आधीचा परदेशी कारभार स्वच्छ होता असा कोणी काढू नये. बोनी बेटावरच्या वायू प्रकल्पाची सहा अब्ज डॉलरची कंत्राटं मिळवण्यासाठी नायजेरियन अधिकाऱ्यांना लाच दिल्याचा गुन्हा केबीआर या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी 2009 मध्ये कबूल केला. केबीआर आणि तिची पूर्वीची मालक हॅलिबर्टन यांना मिळून 57 कोटी 90 लाख डॉलर भरावे लागले. तो पैसा अमेरिकेच्या तिजोरीत गेला. लाच देणारे आणि घेणारे दोघंही वर बसलेले, आणि खाली पोर्ट हारकोर्टमधला प्रामाणिक कंत्राटदार निविदेत हरलेला.

तिसरं दुखणं थकलेल्या बिलांचं, आणि माझ्या मते खरं जीवघेणं हेच. जमिनीवरच्या आणि उथळ पाण्यातल्या बहुतेक क्षेत्रांत सरकारी एनएनपीसी भागीदार होती. खर्चातला आपला वाटा ती वेळेवर भरत नसे. 2016 मध्ये या थकबाकीवर तडजोड झाली तेव्हाही रक्कम पाच अब्ज डॉलरच्या वर होती. तेलकंपनीला पैसे आले नाहीत की ती सर्व्हिस कंपनीचं बिल अडवते. श्लंबर्जर वर्षभर थांबू शकते. चार बोटी आणि दोन सिमेंट युनिट कर्जावर घेतलेला स्थानिक मालक थांबू शकत नाही. त्याला नायजेरियन बँकेचं महागडं व्याज भरायचं असतं. मग कात्री लागते ती मजुराच्या पगाराला. कायम कामगार काढून तेच लोक मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत निम्म्या हक्कांवर परत घ्यायचे, याविरुद्ध न्युपेंग आणि पेंगासान या कामगार संघटना कित्येक वर्षं झगडत आहेत. न्युपेंग म्हणजे तीच संघटना, जिने 1994 मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध देशाचं तेल थांबवलं आणि जिचे सरचिटणीस फ्रँक कोकोरी त्यापायी जवळजवळ चार वर्षं तुरुंगात राहिले.

आता पट बदलतो आहे. इटलीच्या एनीने आपली जमिनीवरची क्षेत्रं ओआंडोला, एक्सॉनमोबिलने उथळ पाण्यातली सेप्लाटला विकली. घेणाऱ्या दोन्ही कंपन्या नायजेरियन, आणि ही दोन्ही हस्तांतरणं 2024 मधली. मार्च 2025 मध्ये शेलचा जमिनीवरचा कारभार रेनेसाँ या प्रामुख्याने नायजेरियन गटाकडे गेला. ज्यांच्याशी झगडून स्थानिक कंत्राटदारांनी जागा मिळवली ते गिऱ्हाईकच निघून गेलं. बिल अडवणारा आता हेग किंवा ह्यूस्टनमधला साहेब नसेल, लागोसमधला ओळखीचाच असेल. नव्या मालकांपैकी काहींची सुरुवात याच पोर्ट हारकोर्टच्या धंद्यात झालेली आहे, तेव्हा साठ दिवसांचं बिल दोनशे दिवसांवर गेलं की काय होतं हे त्यांना सांगावं लागू नये. बॅराइटची गिरणी चालू राहील की बंद पडेल, हे येनागोआच्या सतरा मजल्यांइतकंच त्यांच्या हिशोब खात्यात ठरणार आहे.

जुन्या मालकांनी मागे ठेवलेल्या गळक्या पाइपलाइनी आणि तेलकट खाड्या यांचं काय, आणि ओगोनीलँडच्या साफसफाईची कंत्राटं कोणाला मिळाली, ते पुढच्या लेखांकात.