बुद्ध्यांक : आकडा आणि त्याची मर्यादा

शिष्यवृत्ती परीक्षेत कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांनी राज्यभर नाव मिळविले आहे. या परीक्षेत भाषा व गणिताबरोबर 'बुद्धिमत्ता चाचणी' हाही विषय असतो. साहजिकच त्यातील गुण म्हणजे मुलाचा बुद्ध्यांक, असा समज पालकांत रूढ आहे. वस्तुतः ही निवड परीक्षा आहे आणि तिच्या प्रश्नप्रकारांचा वर्षभर सराव करता येतो. बुद्ध्यांक निश्चित होतो तो मानसशास्त्रज्ञाने एकेका मुलाला समोर बसवून घेतलेल्या प्रमाणित चाचणीवरून.

अशा चाचणीचा उगम १९०५ मध्ये पॅरिसला झाला. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण द्यावे, हा आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांचा हेतू होता. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. पुढे नागपुरात डॉ. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या चाचणीची भारतीय आवृत्ती सिद्ध केली.

बुद्ध्यांक ही समवयस्कांशी केलेली तुलना असते. त्यांची सरासरी १०० धरली जाते. परंतु ते समवयस्क कोणत्या काळातील? विसाव्या शतकात अनेक देशांत चाचणीतील कामगिरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले. म्हणजेच जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगलेला दिसू शकतो. बौद्धिक अक्षमतेची सीमारेषा ढोबळमानाने ७० मानली जाते. तेथे चार-पाच गुण अधिक पडले, तर गरजू मूल साहाय्यापासून वंचित राहण्याचा धोका असतो. उलटपक्षी, घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजी शब्दार्थांवर अडखळले, तर तेथे मोजली जाते ती भाषा.

बुद्ध्यांक निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. शालेय गुणांशी त्याचा सहसंबंध साधारण ०.५ आढळतो. मात्र त्यातून गुणांमधील तफावतीचा सुमारे एक चतुर्थांश भागच उलगडतो. उरलेल्या भागात अध्यापन, आरोग्य, घरची परिस्थिती, चिकाटी अशी अनेक कारणे असतात. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाचा बुद्ध्यांक तर सर्वसाधारण किंवा त्याहून अधिकही असू शकतो.

म्हणूनच अहवाल हाती आल्यावर पालकांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. चाचणी कोणती, तिची मानके कोणत्या वर्षीची, ती कोणत्या भाषेत घेतली, उपचाचण्यांत मूल कोठे कमी पडले आणि दैनंदिन व्यवहारातील त्याची क्षमता तपासली का? या उत्तरांवाचून केवळ एका आकड्यावर मुलाची शाळा वा तुकडी ठरविणे सर्वथा अनुचित होय.